तांदूळ निवडताना सांगितलेली लढाई

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग मी अजून ठेवलंय. एकोणीस मिनिटांचं आहे आणि त्यात कामाचं एक वाक्य नाही. मी विचारते, "आजी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतलं रोजचं जीवन कसं होतं?" आजी फोनकडे वाकून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी मोठ्यानं म्हणते, "चांगलं होतं." मग नुसता पंख्याचा आवाज. मग पुन्हा मी, "म्हणजे युद्धाचा काही परिणाम?" आजी म्हणते, "आमच्याकडे कुठे झालं युद्ध? ते तिकडे झालं." त्यानंतर कुकरच्या तीन शिट्ट्या आणि आजोबांचं आतून विचारणं, "झाली का मुलाखत? चहा टाकू का?"

ही 2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. आजी तेव्हा पंच्याऐंशीची, आजोबा नव्वदीचे. आजीचं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं, आजोबांचं राजापूरजवळच्या खेड्यात. लग्नानंतर दोघांचा संसार परळच्या दोन खोल्यांत झाला. दोघांनी मिळून चार लढाया घरात बसून पाहिल्या होत्या: दुसरं महायुद्ध, 1962, 1965 आणि 1971. ते सगळं नोंदवून ठेवायचं असं मी ठरवलं, बत्तीस प्रश्न वहीत लिहून काढले, आणि पहिल्याच दिवशी ते बत्तीस प्रश्न वाया गेले.

वाट सापडली ती अपघातानं. आठवड्याभरानं गेले तेव्हा आजी परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. मी काही विचारलं नव्हतं. एक खडा बाजूला टाकत ती आपणहून म्हणाली, "हे काहीच नाही. लढाईतल्या तांदळात खडे कमी नि तांदूळ जास्त असले तर नशीब म्हणायचं." मी फोन हळूच परातीजवळ ठेवला. त्या दिवशी ती एक तास दहा मिनिटं बोलली. हात कामात असले की तिचं तोंड सुटतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतरच्या सगळ्या बैठका मेथी, गवार, शेंगदाणे, नाहीतर जुन्या साड्यांच्या घड्या यांच्या साक्षीनं झाल्या. रेकॉर्डिंगमध्ये परातीत तांदूळ ओढल्याचा खरखर आवाज इतका आहे की काही शब्द कायमचे बुडाले. पण तांदूळ नसते तर मुळात शब्दच नसते.

तांदळापासूनच सुरू करते, कारण त्यांची लढाईही तिथूनच सुरू झाली. 1942 च्या मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला. आजोबांच्या गावी पावसाळ्यातले शेवटचे दोन महिने रंगूनी तांदळावर काढायची सवय होती. त्यांना रंगून नकाशात कुठे आहे हे माहीत नव्हतं, पण रंगून पडलं हे त्यांना नागपंचमीला कळलं. "आई म्हणाली, यंदा पेजेत नाचणी," एवढंच. त्याआधी फेब्रुवारीत सिंगापूर पडलं आणि मुंबईवर बॉम्ब पडणार अशी आवई उठली, तेव्हा निम्मी मुंबई बिऱ्हाड बांधून गावाला पळाली होती. आजोबांच्या घरात एरवी सात माणसं, ती सतरा झाली. आजोबा तेरा वर्षांचे. मुंबईचे चुलतभाऊ आले, रोज विटीदांडू, रोज आंबे. "माझं सगळ्यात चांगलं वर्ष ते," असं ते बिनदिक्कत म्हणाले. आजी तांदूळ निवडता निवडता थांबली. "विहीर आटली होती ते सांगा ना. पाणी भरायला काय भाऊ जात होते?" आजोबा हसले. विहीर आटल्याची आठवण त्यांच्याकडे नव्हतीच. ती त्यांच्या बहिणींकडे असणार, आणि त्या दोघीही आता नाहीत.

घासलेट मिळेना म्हणून उंडीचं कडू तेल पुन्हा दिव्यात आलं. त्याच्या धुरानं डोळे चुरचुरत आणि अभ्यास न करायला सबब मिळे. चिल्लर मिळेना. मग 1943 मध्ये मधोमध भोक असलेला पैसा आला. तांबं वाचवायची सरकारची युक्ती. गावातली पोरं तो करदोट्यात ओवायची आणि मोठी माणसं वायसर म्हणून वापरायची. आजोबांनी तसा एक पैसा पत्र्याच्या डबीतून काढून माझ्या हातावर ठेवला. वजन काहीच नाही. रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी मी, "अय्या, किती हलका," म्हटलेलं ऐकू येतं आणि आजोबा म्हणतात, "तेव्हा जड होता हो."

मुंबईत 1943 च्या मे महिन्यात रेशन सुरू झालं. आजी नऊ वर्षांची. रांगेत उभं राहणं हे पोरांचं काम. पहाटे जाऊन आपली पिशवी ठेवायची, पिशवी उडू नये म्हणून वर दगड, आणि दगड कुणी लाथाडू नये म्हणून शेजारी आपण. रेशनला भात खाणाऱ्या घरांना गहूही घ्यावा लागे. कोकणातून आलेल्या पणजीला तांदळाची भाकरी येत होती, गव्हाचं काय करतात हे तिला सणापुरतंच ठाऊक. पलीकडच्या खोलीत साताऱ्याकडच्या एक बाई होत्या. त्यांनी पोळपाट घेऊन येऊन पणजीला शिकवलं. आजीचं वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलंय: "आमची आई चपाती लाटायला लढाईत शिकली. तोवर आमच्याकडे चपाती म्हणजे आजारी माणसाचं खाणं."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या बत्तीस प्रश्नांची मला लाज वाटली.

काळाबाजार हा शब्द मात्र तिच्या तोंडून येईना. एकदा तांदळाच्याच ओघात ती म्हणाली, "मग बाबांनी एकदा..." आणि थांबली. फोनकडे बघितलं. "ते लाल बटण बंद कर आधी." मी बंद केलं. पुढची चाळीस मिनिटं ती जे बोलली ते माझ्याकडे कुठेही नाही, वहीत नाही, इथेही नाही. नंतर एकदा मी विचारलं, नावं गाळून लिहू का? म्हणाली, "नावं गाळून राहतं काय त्यात?" तो विषय तिथे संपला. असं काम करायचं म्हणजे बटण बंद करताही आलं पाहिजे. बोलण्याच्या भरात फोन आपल्या बाजूला सरकवून चालू ठेवावा असा मोह मला झाला होता, हेही सांगून टाकते.

आता ब्लॅकआउट. इथे माझी सगळ्यात फजिती झाली. तिसऱ्या की चौथ्या बैठकीत आजीनं ब्लॅकआउटचं फार सुरेख वर्णन केलं. खिडक्यांच्या काचांना खळ लावून तपकिरी कागद चिकटवले, भोंगा झाला की दिवे बंद, खालून वॉर्डन ओरडायचे, "तिसरा मजला, लाईट!" आणि तान्ह्या बाळाला अंधारात भीती वाटते म्हणून ती पलंगाखाली कंदील झाकून ठेवायची. मी सगळं "1942" असं नाव दिलेल्या फाईलमध्ये घातलं. घरी येऊन टाईप करताना लक्षात आलं की 1942 मध्ये आजी आठ वर्षांची होती. तान्हं बाळ कुणाचं?

बाळ म्हणजे माझा मामा. जन्म ऑगस्ट 1971. म्हणजे ते सगळं डिसेंबर 1971 चं, परळमधलं. ब्लॅकआउट दुसऱ्या महायुद्धातही झाला होता, 1965 लाही झाला होता, आणि आजीच्या मनात तिन्ही काळोख एकमेकांत मिसळले होते. ते सोडवायला मला दोन महिने लागले. सन विचारून काही उपयोग नाही, हे तेवढ्यात कळलं. "तेव्हा घरात कोण तान्हं होतं?", "तेव्हा स्टोव्ह होता की शेगडी?", "रेडिओ आपला की शेजारच्यांचा?" असे प्रश्न विचारले की लढाया आपोआप वेगळ्या होत. शेगडी आणि रेडिओ नाही, तर महायुद्ध. स्टोव्ह आणि रेडिओ शेजारच्यांचा, तर 1962. रेडिओ घरचा आणि आई शाळेत नुकतीच जायला लागलेली, तर 1965. मामा असला की 1971. इतिहासाच्या पुस्तकांत हा तक्ता मिळणार नाही, पण आमच्या घरापुरता तो चुकत नाही.

आईनं 1971 पक्कं केलं. ती तेव्हा बारा वर्षांची. मोटारींच्या पुढच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला तिला आठवत होता, आणि खिडकीच्या कागदांची खळ झुरळांनी खाल्ली हेही. लढाई तेरा-चौदा दिवसांत संपली, कागद मात्र पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तसेच होते. तिच्या कपाटातून एक पाकीटही निघालं. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं जादा तिकीट, शरणार्थी सहायतेचं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी 1971 च्या नोव्हेंबरपासून ते पत्रांवर लावावं लागे. आजोबा म्हणाले, "पाच पैशांसाठी मी गावाला पत्र पाठवणं कमी केलं होतं." त्यावर आजी म्हणाली, "पाच पैशांसाठी नाही. मुळात लिहायचाच कंटाळा."

1965 ची एकच गोष्ट, पण ती माझी सगळ्यात आवडती. लालबहादूर शास्त्रींनी धान्य वाचवायला सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडा असं आवाहन केलं. हॉटेलं बंद राहू लागली, चाळीत सगळ्यांनी मान्य केलं. पण आजोबा सोमवार धरत. दिवसभर उपास आणि संध्याकाळी देवाला नैवेद्य दाखवून सोडायचा. म्हणजे देवानं सकाळ घेतलेली, आता सरकारनं संध्याकाळ घेतली. घरात चर्चा झाली. आजीनं शेवटी निकाल दिला की उपास चार वाजता सोडायचा, कारण चार म्हणजे काही संध्याकाळ नव्हे, आणि चारला पोटभर जेवलेल्या माणसाला रात्री भूक लागायचं कारण नाही. "देव पण राहिला नि शास्त्रीजी पण राहिले," आजी म्हणाली. शास्त्रीजी जानेवारी 1966 मध्ये ताश्कंदला वारले. आजोबांनी चारचं जेवण पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही.

आणि 1962 चं सोनं. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या. यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री होऊन गेले म्हणून महाराष्ट्रात उत्साह आणखीच. आजीनं कानातली बुगडी दिली. ही गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले, शाळेच्या निबंधात लिहूनही बक्षीस घेतलंय. रेकॉर्डिंगमध्ये गवार मोडता मोडता आजी म्हणते, "अगं, जोडीतली एक आधीच लोकलच्या गर्दीत पडली होती. एका बुगडीचं करायचं काय? दिली. सगळे म्हणाले, केवढा त्याग." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? "कुणी विचारलं कुठे, एक का दिलीस म्हणून?" जवानांसाठी लोकर विणायचं मात्र तिला जमलं नाही. एक मोजा सुरू केला होता, तो टाचेपाशी अडकला आणि लढाई संपली.

टाईप करणं हे वेगळंच दुखणं. एका तासाच्या रेकॉर्डिंगला मला सहा तास लागत. बोललेलं आपोआप टाईप करणारं फोनमधलं साधन मी लावून पाहिलं. त्यानं घासलेटचं "घास लेट" केलं आणि बुगडीचं "बघडी", तेव्हा नाद सोडला. शिवाय दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसत. आजोबा वाचणारे. त्यांना तारीख, वार, आकडा हवा. आजीला त्यातलं काही नको. आणि या दोघांचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते गोदीच्या स्फोटावरून.

14 एप्रिल 1944, शुक्रवार. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज लागलं होतं. त्यात कापसाच्या गासड्या, त्यांच्याच जवळ सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि दारूगोळा, शिवाय सोन्याच्या विटा. कापसाला आग लागली आणि ती आटोक्यात येण्याआधीच जहाज फुटलं. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, त्यांच्यासाठी 14 एप्रिल हा अजून अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. हे आजोबांचं सांगणं, आणि ते बरोबरच आहे.

आजीचं सांगणं असं. एप्रिल, म्हणजे वाळवणाचे दिवस. सकाळची शाळा आटोपून ती घरी होती. पणजीनं गच्चीवर उडदाचे पापड घातले होते आणि कावळे हाकायला आजीला बसवलं होतं. ऊन इतकं कडक की फरशीवर पाय ठेववेना. पणजी खाली आडवी झाली होती. एकदम गच्ची हलली. आवाजाच्या आधी हललं की नंतर, हे तिला सांगता येत नाही. खाली काचा पडल्याचा आवाज, मग बायकांचे हाका मारण्याचे आवाज, "जपानी आले, जपानी आले." तिला वाटलं आपण पापड सोडून पळालो तर आई मारेल, म्हणून ती तिथेच बसून राहिली. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. मग पूर्वेकडून धूर, आणि वरून जळकी बोंडं यायला लागली. कापसाची काळी, मऊ राख पापडांवर. "पहिल्यांदा मला वाटलं कावळ्यांची पिसं."

पापड फेकले नाहीत. उडीद महाग होते. पणजीनं एकेक पापड फडक्यानं पुसला आणि राख गेली नाही ते आधी तळून संपवले. आजी म्हणते त्यांना कसलातरी वास होता. तिला तो अजून येतो, दिवाळीत फटाके जळाले की.

सोन्याच्या विटा आजीच्या चाळीत पडल्या नाहीत, पण "शेजारच्या वाडीत पडली होती" हे ती शपथेवर सांगते. गिरगावातल्या प्रत्येक घराच्या शेजारच्या वाडीत एक वीट पडलेली आहे. एक वीट खरोखरच एका पारशी गृहस्थाच्या घरावर जाऊन पडली आणि त्यांनी ती प्रामाणिकपणे परत केली, एवढं नोंदलेलं आहे. आजीची वीट मी खोडली नाही. पेन्सिलीनं बाजूला एक रेघ मारून ठेवली.

तिचं दुसरं एक म्हणणं मला सुरुवातीला वीटेच्याच जातीचं वाटलं होतं: एवढं झालं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात काही नव्हतं. मी म्हटलं, असं कसं होईल? पण ते खरं निघालं. लढाईची सेन्सॉरशिप होती. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं दुसऱ्या दिवशी बातमी दिली आणि इकडच्या छापखान्यांना मात्र गप्प बसावं लागलं. आजीनं बरोबर सांगितलं होतं आणि मी तिला तोंडावर खोटं पाडलं होतं.

भांडण वेळेवरून. आजोबा म्हणाले, "पहिला स्फोट चार वाजून सहा मिनिटांनी." आजी म्हणाली, "शक्य नाही. ऊन डोक्यावर होतं. चार वाजता पापड सावलीत जातात, मी उचलायला घेतलेच नव्हते." आजोबा म्हणाले, "डॉकचं घड्याळ चार वाजून सहाला बंद पडलं, छापून आलंय." आजी म्हणाली, "तुम्ही होता कुठे तेव्हा? राजापुरात. मी पापडांपाशी होते." हे रेकॉर्डिंगमध्ये अकरा मिनिटं चाललंय. शेवटी आजोबा उठून जातात, चपलांचा आवाज येतो. मी वहीत लिहिलं: वेळेबाबत आजीचा गोंधळ.

आजोबा 2021 मध्ये गेले. त्यानंतर वर्षभर मी त्या फाईली उघडल्या नाहीत. मग एकदा वेगळंच काही वाचताना कळलं की 1 सप्टेंबर 1942 पासून 1945 च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारनं देशभराची घड्याळं एक तास पुढे केली होती. लढाईचा टाइम. उजेडाचा एक तास वाचावा म्हणून. मी कागद घेऊन हिशेब केला. त्या घड्याळात चार वाजून सहा म्हणजे आजच्या घड्याळात तीन वाजून सहा. आणि मुंबईचं ऊन आजच्या घड्याळाच्याही चाळीसेक मिनिटं मागे चालतं. म्हणजे सूर्याच्या मानानं ते जेमतेम अडीच. एप्रिलात अडीच वाजता गिरगावातल्या गच्चीवर पापड सावलीत जात नाहीत.

त्याच संध्याकाळी आजीकडे गेले. ती हल्ली तांदूळ निवडत नाही, डोळे साथ देत नाहीत. कागद दाखवून काही उपयोग नव्हता, म्हणून तोंडी सांगितलं, दोनदा. घड्याळ पुढे केलं होतं आजी, तुझं ऊन बरोबर होतं.

"मग मी काय सांगत होते?" ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसली आणि आतल्या खोलीच्या दाराकडे बघत म्हणाली, "आत्ता येऊन सांगतेस. हे असताना सांगायचं होतंस."